पिठात लिहिलेलं नाव

आक्का, तुमचा तेरावा उलटला. पाव्हणे गेले, मांडव सुटला, मंदाही परवा तिच्या दवाखान्यात कामावर परत गेली. जाताना आईची आठवण म्हणून तिनं तुमचं हिरवं लुगडं मागितलं, मी दिलं. परात मागितली, ती दिली नाही. म्हटलं, अजून काम आहे तिच्यात.

का दिली नाही ते तुम्हाला सांगायचंय. तुम्ही असतात तर तुम्हीच बोलला असता आणि मी नुसती मान हलवली असती. आपलं तसंच होतं. घरात दोन जावा, थोरली बोलायची आणि धाकटी लिहायची. तुम्ही तोंड आणि मी हात. आता तोंड गेलं, तेव्हा हातालाच बोलायला पाहिजे. अक्षर मोठं काढलंय. जोडाक्षर आलं की थांबा, नेहमीसारख्या अंदाजानं पुढं पळू नका.

तो दवाखान्याचा दिवस आठवतो का. तुमच्या काखेत गळू झालं होतं आणि पेरणीचे दिवस होते. दोघं भाऊ रानात. आत्याबाई, म्हणजे आपल्या सासूबाई, म्हणाल्या, पेरणी उरकली की कुणीतरी घेऊन जाईल. आपल्या घरात बाईच्या दुखण्याला थांबायची सवय होती. कधी पेरणीसाठी, कधी काढणीसाठी. मला वाटायचं, सोबतीला पुरुष लागतो तो रस्त्यासाठी. पण रस्त्याला एसटी होती, आणि वाट तर आपल्या दोघींना पाठ होती. पुरुष कशाला लागतो ते मला त्या दिवशी केसपेपरच्या खिडकीशी कळलं.

ताप चढला तशा तुम्ही उठलात. "चल गं धाकटे. गळू काय पेरणीला थांबतंय व्हय?"

खिडकीतल्या माणसानं नाव विचारलं. तुम्ही ठणकावून सांगितलं, कौसल्या. मग त्यानं विचारलं, नवऱ्याचं नाव? आणि तुम्ही गप्प. सगळ्या गल्लीला बोलून जेरीस आणणारी बाई, खिडकीचा गज धरून गप्प उभी. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी तरी काय सांगणार. तुमचा नवरा म्हणजे माझा थोरला दीर. त्यांचं नाव तुम्ही घ्यायचं नाही, मीही घ्यायचं नाही.

"लवकर सांगा मावशी, मागं रांग हाय."

"आवो, देवाचं नाव हाय," तुम्ही म्हणालात.

"देव लई हायेत."

"नागावर झोपतोय बघा, त्यो."

"विष्णू?"

"त्योच, पर दुसऱ्या नावानं."

मागची रांग हसायला लागली. कुणी म्हणालं अनंत, कुणी म्हणालं हरी. एक म्हातारबा म्हणाला, "मावशी, गळू फुटंल, पर तुमचं कोडं काय सुटायचं न्हाय." तुम्हाला उभं राहवत नव्हतं. मी चौथी शिकलेली. वाशी तालुक्यातल्या आमच्या वाडीत शाळा तेवढीच होती. लाजेनं माझे कान तापले होते, तरी मी खिडकीतून हात घातला, त्या माणसाचा पेन उचलला, डाव्या तळहातावर नाव लिहिलं आणि हात त्याच्यासमोर धरला. त्यानं ते मोठ्यानं वाचलं. तुम्ही पदर कानावर ओढून घेतलात.

येताना एसटीत तुम्ही काख धरून बसला होता. मग हळूच विचारलंत, "लिव्हलं म्हंजी घेतलं का गं?"

"नाही. तोंडानं घेतलं तरच घेतलं."

"कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. मीच म्हणतेय."

तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत. "मग मला शिकव. पर आधी त्यांचंच शिकव. माझं नाव मला घेता येतंय, ते लिहून काय करू?"

आत्याबाईंच्या देखत पाटी घेऊन बसायची सोय नव्हती. वाट तुम्हीच काढलीत. ज्वारीचं पीठ परातीत चाळलं की वरून हातानं सपाट करायचं आणि त्यात बोटानं लिहायचं. कुणी आलं की पाणी ओतायचं, मळायला लागायचं. चुलीपुढं बसलेल्या दोन सुनांना कोण विचारणार, काय करताय म्हणून. तुमचं बोट जाड, अक्षर परातीच्या काठापर्यंत जायचं. तुम्ही म्हणायचा, "ह्यांच्या नावानंच परात भरली, भाकरीला जागा कुठं ऱ्हाईली?" मग शेवंताकाकू विरजण मागायला यायला लागल्या आणि विरजण न घेताच बसायला लागल्या. आणखी दोघीतिघी आल्या. सगळ्यांना आधी तेच नाव पाहिजे असायचं, जे तोंडानं घेता येत नव्हतं.

एकदा आत्याबाई मागं येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी तुम्हाला विचारलं आणि तुम्ही खोटं बोलला नाहीत. त्यांनी ते साठवून ठेवलं.

पुढच्या वर्षी थोरल्यांच्या गालात आतून फोड आला. बार्शीला नेलं तेव्हा उशीर झाला होता. ते गेले त्या दिवशी आत्याबाई अंगणात बसून सगळ्या गावादेखत म्हणाल्या, "हिनं माझ्या लेकाचं नाव पिठात मळलं, थापलं, इस्तवावर भाजलं आन त्यालाच वाढलं."

त्यानंतर आपल्या चुलीपुढं कुणी आलं नाही. शेवंताकाकू विरजण दुसरीकडून न्यायला लागल्या.

आक्का, तुम्हाला हे मी कधी बोलले नाही, आज लिहिते. थोरले गेले याचं मला दुःख आहे. ते मला कधी वाकडं बोलले नाहीत. पण तुम्हाला शिकवलं याचं मला वाईट वाटत नाही. तेव्हा वाटलं नाही, आज वाटत नाही, पुढं कुणी वाटून घ्यायला लावलं तरी वाटून घेणार नाही. थोरल्यांच्या गालात दिवसभर तंबाखू असायची. हे खाऊ नका असं पुडीवर छापलेलं असतं, आणि थोरल्यांना वाचता येत होतं. सातवी झाले होते ते. वाचून ऐकलं नाही, त्याला अक्षरं काय करणार? माझ्याच घरात मी ह्यांचं नाव रेशनच्या कागदावर, शाळेच्या दाखल्यावर किती वेळा लिहिलं. हे धडधाकट आहेत. मी हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुझं बालपणीचं शिक्षण, तुला बाधत न्हाय. आन तू कागदावर लिव्हतीस. कागद कुणी खात न्हाय." तिथंच आपलं भांडण थांबलं, ते थांबलेलंच राहिलं.

पण तुम्ही काय केलंत ते मी विसरलेले नाही. वारसाची नोंद करायला कचेरीत गेलो. हे आपल्याबरोबर होते, नाव सांगायला. टेबलामागच्या माणसानं विचारलं, मयताचं नाव? ह्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "भावजी, थांबा. पेन इकडं द्या." आणि तुम्ही लिहिलंत. शेवटचं अक्षर रकान्याच्या बाहेर गेलं. त्यानं अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढं सरकवला. तुम्ही तो मागं सरकवलात आणि सही केलीत. ज्या अक्षरांनी नवरा गेला असं सगळं गाव म्हणत होतं, तीच अक्षरं तुम्ही गावच्या चार माणसांसमोर काढलीत. मी तुमच्या मागं उभी होते. तुमच्या मानेवर घाम आलेला मला दिसत होता.

त्यानंतर तुम्हाला कुठं जायला कुणी लागलं नाही. रान तुमच्या नावावर झालं. बियाणाची पिशवी घेताना तुम्ही आधी मागची तारीख वाचायचा आणि दुकानदाराला म्हणायचा, "हे मागल्या वर्षीचं शिळं तुझ्या परसात पेर." एसटीची पाटी वाचून एकट्या धाराशिवला जायचा. ठिबक आणलंत, घरात नळ आणलात, न्हाणीघर पक्कं केलंत. मंदाला नर्सच्या शिक्षणाला घातलंत. तिच्या प्रवेशाच्या वेळी कुणी तरी विचारलं, पालक कोण, तर तुम्ही म्हणालात, "समोर उभी हाय न्हवं."

सगळं अक्षरांनी केलं असं मी म्हणत नाही. तुम्ही राबलात. पण आक्का, शेवंताकाकू काय कमी राबल्या? तुमच्याइतकंच खुरपलं, तुमच्याइतकंच पाणी वाहिलं. त्यांचं घर अजून तसंच आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय आणि त्या लेकाची वाट बघत बसल्यात, तो पुण्याहून आला की दवाखान्यात नेईल म्हणून. आता लोक म्हणतात, आधार कार्ड दाखवलं की झालं, नाव घ्यायची गरजच राहिली नाही. खरंय. पण कार्ड कुणाच्या खिशात असतं? काकूंचं पुण्याला आहे.

एक मात्र माझ्या मनात राहिलं होतं. थोरले गेले त्या दिवसानंतर तुम्ही परातीत पीठ कधी पसरून ठेवलं नाही. चाळलं की लगेच पाणी. सपाट पीठ दिसलं की तुम्ही घाईनं त्यात हात फिरवायचा. मी एकदाच धीर करून विचारलं, "आक्का, तुम्हाला खरंच वाटतं का, पिठातल्या नावानं झालं म्हणून?" तुम्ही म्हणालात, "तवा तापलाय बघ." मी तवा बघायला उठले. मी तशीच आहे, कुणी ऊठ म्हटलं की उठणारी. परत विचारलं नाही. पुढं तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हाही विचारलं नाही.

आता तुमच्या मागं काय झालं ते सांगते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायका आपापली भांडी न्यायला आल्या. जेवणावळीला मागून आणलेल्या पराती, पातेली अंगणात ढिगानं पडली होती. दरवेळी तुम्ही त्यांच्यावर घातलेली नावं वाचून वाटायचा. या वेळी जी ती पोचे बघून ओळखत होती. शेवंताकाकूंना पोचेही दिसेनात.

"धाकटे, माझी कंची गं?"

मी बघून त्यांची परात त्यांच्यापुढं सरकवली. त्या खाली बसल्या, परात मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "आता थोरली गेली वर. नारायण भेटला असंल तिला. इचारत असंल, का गं बाई, का लिव्हलंस म्हणून."

कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या काकू. पण दुसरी एक म्हणाली, "खोटं काय त्यात? आमच्या सासूबाई अजून मला पिठाला बोट लावू देत न्हायत. म्हणत्यात, थोरलीचं बघितलंस न्हवं."

आक्का, मी उठून आत गेले. त्यांना वाटलं मी रडायला गेले. मला पण क्षणभर तसंच वाटलं. मग मला तुमची परात दिसली आणि पिठाचा डबा दिसला. मी दोन्ही घेऊन बाहेर आले. मांडवातली चूल अजून मोडली नव्हती. मी तिच्यात जाळ केला, तवा ठेवला. बायका बघत होत्या.

मी बोलले. माझा आवाज मलाच परका वाटला.

"काकू, हात द्या तुमचा." मी त्यांचं बोट त्यांच्या परातीच्या काठावर ठेवलं, जिथं भांडीवाल्यानं टिंबाटिंबांनी नाव घातलंय. "काय लागतंय?"

"नाव हाय."

"कुणाचं?"

"आमच्या ह्यांचं. तुला ठावं न्हाय व्हय?"

"रोज कशानं घासता?"

"राखंनं. आन कशानं घासणार?"

"कधीपासनं?"

"संसार मांडला तवापासनं."

"म्हणजे तुम्ही जन्मभर नवऱ्याचं नाव राखेनं घासलंत. पार झिजवलंत. आणि काका कसे गेले?"

काका पिकलं पान होऊन गेले, सगळ्या गावाला माहीत आहे. पलीकडून हमीदाबी म्हणाल्या, "बात तर खरी हाय. माझ्या डेगचीवरबी ह्यांचं नाव हाय, आन ती तर म्या रोज इस्तवावर ठिवते." एकदोघी हसल्या. आपल्या गल्लीत एकाही भांड्यावर ते घासणारीचं नाव नाही, हे मला तेव्हाच पहिल्यांदा दिसलं.

मी परातीत पीठ घेतलं, सपाट केलं आणि बोटानं लिहिलं. दिगंबर. ह्यांचं नाव. धड वाचता कुणालाच येत नव्हतं, पण कुणाचं आहे ते सगळ्यांना कळलं. मी पाणी ओतलं, मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली, निखाऱ्यावर फुगवली. हे ओसरीवर पाव्हण्यांच्या सतरंज्या घडी करत होते. मी ताट नेऊन पुढं ठेवलं.

काकू ओरडल्या, "दिगंबर, खाऊ नगंस बाबा. हिनं त्यात तुझं नाव मळलंय."

ह्यांनी भाकरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, अंगणातल्या बायकांकडं बघितलं. "माझंच हाय न्हवं? मग दुसऱ्यानं कशाला खायाचं?" आणि तुकडा मोडला. "ठेचा कुठाय?"

आक्का, खरं सांगते. ह्यांनी पहिला घास तोंडात घातला तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं. मला माहीत होतं काही होत नाही. मी ते चुलीपुढं बसून सगळ्यांना पटवून दिलं होतं. तरी ठेचा आणायला आत गेले तर बरणीचं झाकण उघडेना. आणि तिथं फडताळापुढं उभं राहून मला तुमचं उत्तर मिळालं, जे तुम्ही तवा तापलाय म्हणून टाळलं होतंत. तुम्ही ते मानत नव्हता. पण भीत होता. दोन्ही एकाच बाईत एकाच वेळी असू शकतं. तशी भीती पोटात घेऊन तुम्ही कचेरीत पेन मागितलात. मी तेव्हा तुमच्या मानेवरचा घाम बघितला आणि मला वाटलं, उन्हाचा आहे.

ह्यांनी दोन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंताकाकू आल्या. काठी टेकत, परात डोक्यावर पालथी घालून, उन्हाला. ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आधी पोराला फोन लाव. म्हणावं, माझं कार्ड धाडून दे. डोळं मला हायेत, त्याला न्हायत." फोन लागला. लेक म्हणाला, दिवाळीला येतो तेव्हा बघू. काकू म्हणाल्या, "तू दिवाळीला ये. कार्ड आत्ता धाड. डोळं दाखवायला धाकटी येतीय माझ्यासंगं." मला न विचारताच सांगितलं. तुमच्यासारखंच. मग परात पुढं ओढली. "हं. दिसत न्हाय, पर बोटाला लागतंय. ह्यातलं पहिलं कंचं?"

मी त्यांचं बोट धरलं. टिंबांवरून फिरवलं, मग तसंच पिठात फिरवलं. काल ती सासूवाली पण आली. तिच्या सासूबाई मागोमाग आल्या, दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत, पण गेल्याही नाहीत.

म्हणून परात मंदाला दिली नाही. तिच्यावर थोरल्यांचं नाव आहे. तेर गावाला बाजाराच्या दिवशी भांडीवाला बसतो, त्याच्याकडून त्या नावाखाली कौसल्या घालून घेणार आहे. तो विचारील, भांड्यावर बाईचं नाव कशाला. तेव्हा मी तुमच्यासारखं बोलून बघणार आहे.

मला तुमच्याइतकं मोठ्यानं बोलता येणार नाही, आक्का. पण कुणी आता ऊठ म्हटलं तर मी उठणार नाही. कुणाचा तवा तापला असेल तर त्यांनी बघावा.

आत्ता हे ओसरीवर बसलेत. रोज आपल्या नावाची भाकरी खातायत. आज सकाळी कुरकुरले, बायकांच्या नादात जाड थापलीस म्हणून.